पाठीवरचे बिऱ्हाड आणि राहून गेलेली अवजारे

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्यांनी बदलीच्या नोकरीत आयुष्य काढले त्यांना समजावून सांगावी लागत नाही. आमच्या वेळी बदलीचा हुकूम आला की आठवड्याच्या आत सामान बांधावे लागे. नव्या गावी पहिल्या संध्याकाळी ट्रंका उघडल्या की एक प्रसंग हमखास घडे. स्टोव्ह सापडे, रॉकेलचा डबा सापडे, चहाचे पातेले सापडे. पण स्टोव्हची पिन जुन्या घराच्या खिडकीत राहिलेली असे. ती यादीत नसे, कारण ती यादीत लिहावी असे कोणाला वाटलेच नव्हते. ती तेथे होती आणि रोज हाताला लागत होती, एवढ्यानेच ती विसरली गेली होती.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा पुतण्या फराळाच्या ताटावरून उठून संगणकापुढे जाऊन बसला. तो सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ होती. अमुक नावाची कमांड सापडली नाही, एवढाच तिचा अर्थ. "काका, माझ्या मशिनवर हे व्यवस्थित चालतं, तिकडे बिल्डमध्ये मात्र अडतं," असे तो म्हणाला. अर्ध्या तासात त्याने एक ओळ वाढवली आणि काम मार्गी लागले. माझ्या मनात मात्र ती लाल ओळ राहिली. सेवानिवृत्तीनंतर वेळ होता. चौकशी करत गेलो, वाचत गेलो, आणि लक्षात आले की त्या एका ओळीमागे अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो इतिहास यंत्रांचा आहे तितकाच माणसांनी गृहीत धरलेल्या गोष्टींचाही आहे. सुज्ञ वाचकांपुढे तो यथामती मांडत आहे.

आरंभ अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे होतो. तेथील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीची सुरुवात केली. तिच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची आहे. या प्रणालीचे वैशिष्ट्य असे की, एकच मोठे सर्वगुणसंपन्न यंत्र उभारण्याऐवजी तिने लहान लहान अवजारांचा संच दिला. एक अवजार मजकुरातील ओळी शोधते, दुसरे त्या क्रमाने लावते, तिसरे मोजते. १९७३ साली डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे या अवजारांना जोडणारी 'पाइप' नावाची सोय आली आणि एकाचे काम संपताच त्याचा माल दुसऱ्याच्या हाती आपोआप जाऊ लागला. बलुतेदारीच्या गावगाड्याशी याचे साम्य चटकन ध्यानात यावे. सुतार, लोहार, कुंभार आपापले काम करतात आणि गाव चालते.

पण गावगाड्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे लोहार गावात आहे ही. नांगर करणारा सुतार फाळ स्वतः घडवत नाही. तो लोहाराकडून येईल असे धरून चालतो. युनिक्सवरील प्रत्येक लहान कार्यक्रम तसाच शेजाऱ्यांच्या भरवशावर लिहिला गेला. जोपर्यंत सर्व जण एकाच यंत्रावर काम करत होते तोपर्यंत या भरवशाला तडा जाण्याचे कारण नव्हते.

अवजारे ठेवण्याची जागाही ठरलेली होती. 'बिन' नावाच्या कप्प्यात कमांड असत. पुढे मूळ डिस्कवर जागा पुरेना, तेव्हा काही कमांड दुसऱ्या डिस्कवरील 'यूएसआर' या कप्प्यात हलवल्या गेल्या. हा कप्पा खरे तर वापरकर्त्यांच्या घरांसाठी होता. जागेच्या अडचणीपोटी झालेली ही वाटणी पुढे परंपरा बनली आणि ती मोडून दोन्ही कप्पे पुन्हा एक करण्याचे काम फेडोरासारख्या प्रणालीने थेट २०१२ साली हाती घेतले. तात्पुरती सोय चाळीस वर्षे टिकते, हा अनुभव सरकारी कचेरीत काम केलेल्यांना नवा नाही.

दोन कप्पे झाले म्हणजे शोधण्याचा क्रम आला. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे 'शेल' आले. शेल म्हणजे माणसाची आज्ञा ऐकून योग्य अवजार हाती घेणारा कारभारी. या कारभाऱ्याला 'पाथ' नावाची एक यादी दिलेली असते. आधी या कप्प्यात पाहा, तेथे नसेल तर पुढच्या कप्प्यात, अशी ती यादी. सर्व कप्पे पालथे घालूनही वस्तू न मिळाल्यास कारभारी 'सापडली नाही' असे सांगतो आणि १२७ हा अंक परत करतो. वस्तू सापडली पण चालवता आली नाही, तर १२६. आजही जगभरातील बिल्ड अडतात तेव्हा नोंदीच्या तळाशी हा १२७ चा आकडा दिसतो. येथे एक सूक्ष्म भेद आहे. 'सापडली नाही' याचा अर्थ 'घरात नाही' असाच होतो असे नव्हे. 'सांगितलेल्या कप्प्यांत नाही' एवढाच होतो. त्यामुळे दुरुस्तीची पहिली पायरी नेहमी ही, की वस्तू मुळातच नाही, की यादीतून कप्पा गळला आहे, हे आधी पाहावे.

त्याच सातव्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली. तिचे नाव 'चरूट', म्हणजे मूळ बदलणे. एखाद्या कार्यक्रमाला एका कप्प्यात बसवून 'तुझे जग येथून सुरू होते आणि येथेच संपते' असे सांगण्याची ती युक्ती. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात युनिक्सची जी शाखा वाढली तिच्यात ही सोय बिल जॉय यांनी मार्च १९८२ मध्ये घातली. त्यांचे सहकारी कर्क मॅकक्यूझिक यांनी पुढे याविषयी आपला तर्क सांगितला आहे. नवी आवृत्ती केवळ तिच्या स्वतःच्या कप्प्यातील सामानावर घडवता येते की नाही, हे पाहण्यासाठी जॉय यांनी ती वापरली असावी, असा तो तर्क आहे.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कंटेनर या कल्पनेचा जो मूळपुरुष मानला जातो त्याचा बर्कलेतील पहिला उपयोग सुरक्षेसाठी नव्हे, तर काय राहून गेले ते कळावे यासाठी होता. दार लावून घ्यायचे आणि आतल्या सामानात स्वयंपाक होतो का ते पाहायचे. न झाल्यास जे हवे होते ते यादीत लिहायचे. ज्याला आज आपण बिघाड म्हणतो, तेच त्या वेळी अपेक्षित उत्तर होते.

मधल्या काळात युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या आणि प्रत्येकीची अवजारे थोडी थोडी वेगळी झाली. एकाच नावाची कमांड एके ठिकाणी एक पर्याय मानी, दुसऱ्या ठिकाणी मानत नसे. हा घोळ आवरण्यासाठी 'पॉझिक्स' नावाचे मानक आले. त्याचा पहिला भाग १९८८ चा आणि शेल व अवजारांचा भाग १९९२ चा. कोणती अवजारे असलीच पाहिजेत आणि त्यांनी कसे वागावे, याची ती सनद होय. परंतु सवयीचे सर्वच सनदेत येत नाही. एखादी कमांड कोठे आहे हे सांगणारी 'व्हिच' ही कमांड हजारो लिपींत वापरली जाते. पण ती या मानकात नाही. तेच काम करणारी मानकातील पद्धत निराळी आहे. २०२१ साली डेबियन प्रणालीत 'व्हिच' मोडीत काढण्याच्या सूचना पडद्यावर उमटू लागल्या तेव्हा इतक्या ठिकाणी अडचण झाली की, प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेले आणि समितीने ती कमांड राहिली पाहिजे असा निर्णय दिला. अवजार हरवले आहे का, हे शोधण्याचे अवजारच हरवण्याची ही वेळ होती.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. एकाच कार्यक्रमावर अनेक माणसे काम करू लागली की, प्रत्येकाचे काम इतरांच्या कामाशी जुळते की नाही हा प्रश्न येतो. महिनोन्महिने वेगवेगळे काम करून शेवटी ते जोडायला बसावे तर भांडणे होत. यावर उपाय म्हणजे रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा, सर्वांचे काम जोडून तपासणे. 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणजे सतत एकत्रीकरण हे नाव ग्रेडी बूच यांच्या १९९१ च्या लेखनात येते. केंट बेक यांच्या १९९९ च्या ग्रंथाने ही शिस्त सर्वदूर गेली. २००१ साली 'क्रूझ कंट्रोल' हे हे काम आपोआप करणारे साधन आले. २००५ साली सन या कंपनीतील कोहसुके कावागुची यांचे 'हडसन' आले; २०११ साली त्याची मुख्य शाखा 'जेंकिन्स' या नावाने चालू लागली.

या साधनांसाठी एक वेगळा संगणक लागे. कचेरीच्या एखाद्या कोपऱ्यात तो ठेवलेला असे. कोणाला एखादे अवजार हवे असले की तो त्या यंत्रावर हाताने ते बसवी. चार वर्षांत असे बरेच सामान साठे. कोणते अवजार कोणी, कधी आणि कशासाठी बसवले, याची नोंद कोठेही नसे. यंत्र चालू आहे ना, मग झाले. एके दिवशी ते यंत्र बंद पडे, नवे आणले जाई आणि मग अवजारांच्या अनुपस्थितीची मालिका सुरू होई.

सरकारी नोकरीतील माणसाला येथे डेड स्टॉक रजिस्टरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पदभार देताघेताना त्या नोंदवहीप्रमाणे खुर्च्या, टेबले, कपाटे मोजून घ्यावी लागतात. ते काम कंटाळवाणे खरे; परंतु ज्या कचेरीत ती वही अद्ययावत नसे तेथे पदभार घेणाऱ्याची काय अवस्था होई, हे आम्ही पाहिले आहे. वस्तू असते पण वहीत नसते, वहीत असते पण वस्तू नसते. कोपऱ्यातल्या त्या बिल्ड यंत्राला वहीच नव्हती.

ती वही कंटेनरने आणली. चरूटच्या कल्पनेचा विस्तार म्हणून मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत 'जेल' आले; ते पॉल-हेनिंग काम्प यांचे काम. लिनक्सच्या गाभ्यात निरनिराळ्या कार्यक्रमांना निरनिराळे जग दाखवण्याची सोय २००२ पासून येऊ लागली. गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनी २००६ साली प्रत्येक कार्यक्रमाला किती साधनसंपत्ती द्यायची हे ठरवणारी व्यवस्था लिहायला घेतली आणि ती जानेवारी २००८ च्या आवृत्तीत आली. हे सर्व धागे एकत्र करून, सामान्य माणसाला वापरता येईल असे रूप सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथील पायथन परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात दाखवले. त्याचे नाव डॉकर.

कंटेनर हा शब्द अर्थातच जहाजांच्या व्यापारातून घेतलेला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल-एक्स' या जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या, तेथून त्या व्यापाराचे युग बदलले. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरात ज्यांनी या पेट्यांच्या रांगा पाहिल्या असतील त्यांना उपमेची समर्पकता पटेल. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले असले की पुरे. संगणकाच्या कंटेनरचेही तसेच. आत कार्यक्रम आणि त्याला लागणारी अवजारे असतात. बाहेरचे यंत्र कोणतेही असो.

डॉकरने पेटीबरोबर पेटी भरण्याची लेखी कृतीही दिली. ती 'डॉकरफाइल' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. कोणत्या आधारावर सुरुवात, त्यावर कोणती अवजारे, मग आपला कार्यक्रम, असा तो क्रम. यातून तयार होणाऱ्या साच्याला 'इमेज' म्हणतात. प्रत्येक बिल्डच्या वेळी त्या साच्यातून कोरी पेटी निघते, काम होते आणि पेटी टाकून दिली जाते. कोपऱ्यातल्या यंत्रावर चार वर्षे साठणारे सामान येथे चार मिनिटेही साठत नाही. हाताने बसवलेले अवजार पुढच्या बिल्डला दिसत नाही. जे लिहिले नाही ते नाही. आमच्या स्टोव्हच्या पिनेला येथे खिडकीच उरली नाही.

असे असताना पेट्यांतील अवजारे कमी का होत गेली? त्याचेही कारण आहे. पेट्या जगभर पाठवायच्या तर त्या हलक्या हव्यात. हलकेपणाची विद्या मात्र जुनी होती. १९९५ साली ब्रूस पेरेन्स यांना डेबियनची सुरुवातीची सामग्री एकाच फ्लॉपीत बसवायची होती. त्यासाठी त्यांनी अनेक अवजारांची लहान रूपे एकाच कार्यक्रमात गुंफली आणि त्याला 'बिझीबॉक्स' नाव दिले. फ्लॉपी गेली, पण बिझीबॉक्स राहिले. 'अल्पाइन' नावाच्या लहानखुऱ्या लिनक्स प्रणालीने ते आपल्या पायाशी घेतले. डॉकरच्या काळात ती लोकप्रिय झाली, कारण तिची इमेज सुमारे ५ एमबीची असे आणि इतर इमेज तिच्या कित्येक पट मोठ्या. २०१७ च्या सुमारास गूगलने याही पुढे जाऊन ज्यात शेलसुद्धा नाही अशा इमेज दिल्या. जे अवजार पेटीत नाही त्याचा गैरवापरही चोराला करता येत नाही, हा त्यामागचा विचार.

पेटी हलकी झाली आणि अवजारे न सापडण्याचे प्रकार वाढले. ते सगळे एकसारखे नाहीत, म्हणून थोडे तपशिलात सांगतो.

पहिला प्रकार सरळ. वस्तू नाही. लिपी लिहिणाऱ्याच्या यंत्रावर 'गिट', 'कर्ल' किंवा 'जेक्यू' होते, इमेजमध्ये नाही. दुसरा प्रकार नाव बदलल्याचा. एप्रिल २०२० च्या उबुंटू २०.०४ मध्ये 'पायथन' या साध्या नावाची कमांड आपोआप येईनाशी झाली. 'पायथन३' येऊ लागली. माणूस तोच, पण पाटीवरचे नाव बदलल्याने टपाल परत जावे, तसे झाले. तिसरा प्रकार वस्तू आहे पण ती नव्हे असा. बिझीबॉक्समधील शोधक अवजार मोठ्या भावाचे काही पर्याय ओळखत नाही. 'बॅश' या समृद्ध शेलसाठी लिहिलेली लिपी साध्या शेलकडे गेली तर व्याकरणाच्या चुका निघतात. उबुंटूने २००६ साली आणि डेबियनने २०११ साली मूळ शेलच्या जागी 'डॅश' हे सडपातळ शेल आणले, तेव्हापासून हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

चौथा प्रकार सर्वांत चकवणारा. फाइल डोळ्यांनी दिसते आणि यंत्र म्हणते, अशी फाइल नाही. याचा उलगडा असा की, न सापडलेली वस्तू ती नसून तिला चालवणारी वस्तू असते. लिपीच्या पहिल्या ओळीत तिला कोणी वाचायचे ते लिहिलेले असते. ही प्रथा डेनिस रिची यांनी १९८० च्या जानेवारीत घातली. पहिली ओळ 'बॅश' म्हणत असेल आणि पेटीत बॅश नसेल, तर गाभा 'नाही' एवढेच सांगतो. काय नाही ते सांगत नाही. अल्पाइनने २०१४ पासून 'मसल' नावाची निराळी मूलभूत ग्रंथिका स्वीकारली. त्यामुळे इतर लिनक्सवर घडवलेला कार्यक्रम तेथे आणला की त्याला उठवणारा सहायकच सापडत नाही आणि दोष मात्र कार्यक्रमाच्या नावावर लिहिला जातो. कचेरीत शिपाई रजेवर असल्याने फाइल आली नाही आणि शेरा मात्र 'फाइल गहाळ' असा पडला, असे झाल्याचे मी पाहिले आहे.

दुरुस्तीचाही एक इतिहास आहे आणि लेखाचे खरे प्रयोजन तेथे आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे बिल्ड सुरू होताच हवे ते अवजार कोठारातून उतरवून घेणे. माझ्या पुतण्याने त्या दिवाळीत वाढवलेली ओळ हीच. उपाय चालतो, पण तो कोठार उघडे असेपर्यंतच. सेंटओएस ८ या प्रणालीची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली आणि महिन्याभरात तिचे नेहमीचे कोठार हलवले गेले. डेबियनच्या ९ व्या आवृत्तीचे कोठार २०२३ च्या वसंतात जुन्या दप्तरखान्यात गेले. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. प्रत्येक वेळी, कालपर्यंत निर्वेध चाललेले बिल्ड आज अडले. कोणी एक अक्षरही बदललेले नव्हते. मुदतीच्या तारखा जाहीर होत्या. पण रोजच्या चालण्यात त्या कोणाच्या ध्यानात राहत नाहीत.

दुसरा सोपा उपाय याहून धोक्याचा. एखाद्या संकेतस्थळावरून लिपी उतरवायची आणि न वाचता थेट शेलच्या हाती द्यायची. कोडकव्ह या सेवेची अशी लिपी अनेक संस्थांच्या बिल्डमध्ये चालत असे. ३१ जानेवारी २०२१ पासून कोणी परक्याने तिच्यात फेरफार केला. बिल्डच्या पेटीत असलेल्या किल्ल्या व परवलीचे शब्द ती लिपी गुपचूप बाहेर पाठवू लागली. तो परका आत शिरला तोही त्या कंपनीच्या डॉकर इमेज घडवण्यातील एका चुकीमुळे. दोन महिने हे चालले. १ एप्रिलला उघडकीस आले ते एका ग्राहकामुळे. उतरवलेल्या लिपीचा पडताळणी-अंक त्याने प्रसिद्ध अंकाशी ताडून पाहिला आणि दोन्ही जुळेनात. १५ एप्रिलला ही बातमी जाहीर झाली. हजारो ठिकाणी जी लिपी डोळे झाकून चालवली जात होती, ती एका माणसाने कंटाळवाणे काम म्हणून न टाळता तपासली, म्हणून इतरांना कळले. एका हरवलेल्या अवजाराच्या घाईत घराच्या किल्ल्या कशा जातात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग योग्य उपाय कोणता? तो कोणा एका व्यक्तीचा शोध नाही. ती हळूहळू रुजलेली शिस्त आहे. लागणारी अवजारे बिल्डच्या वेळी धावपळ करून न आणता इमेजच्या लेखी कृतीतच लिहावीत. आधाराची इमेज 'सर्वांत नवी' अशा मोघम नावाने न घेता तिच्या नेमक्या अंकाने घ्यावी, कारण मोघम नावामागची वस्तू बदलत राहते. बाहेरून आणलेल्या प्रत्येक फाइलचा पडताळणी-अंक तपासावा. काम सुरू होण्यापूर्वीच सर्व अवजारे हजर आहेत का, याची हजेरी घ्यावी. चाळीस मिनिटे चालून शेवटी अडण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला अडलेले बरे. आणि २०१७ पासून डॉकरमध्ये आलेली एक सोय वापरावी. स्वयंपाकघर वेगळे आणि डबा वेगळा. घडवण्याच्या पेटीत हवी तेवढी अवजारे असू द्यावीत. बाहेर पाठवण्याच्या पेटीत फक्त तयार पदार्थ जावा.

याहून कठोर पंथही आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली सादर केलेल्या प्रबंधात 'निक्स' या पद्धतीची मांडणी आहे. त्या पद्धतीत प्रत्येक अवजार आपल्या सर्व अवलंबनांसह नेमक्या अंकाने ओळखले जाते आणि जे जाहीर केले नाही ते घडवताना दिसतच नाही. डेबियनमध्येही २०१३ पासून, तोच मजकूर कोणीही घडवला तरी अक्षरशः तीच वस्तू निघावी, यासाठी प्रयत्न सुरू झाले. बिल जॉय यांच्या लावलेल्या दाराचेच हे वारस आहेत.

निवडणुकीच्या कामावर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना मतदान केंद्राच्या साहित्याची यादी आठवत असेल. शाई, शिक्के, पाकिटे, नमुने यांबरोबर त्या यादीत लाख असते, मेणबत्ती असते आणि काडेपेटीही असते. नव्या नोकरीत मला त्या काडेपेटीचे हसू आले होते. एवढी क्षुल्लक वस्तू काय मोजून द्यायची! पुढे एका दुर्गम गावच्या शाळेत रात्री मोहोर लावण्याची वेळ आली. आमच्यापैकी कोणाच्याही खिशात काडेपेटी नव्हती आणि दुकान तर गावात एकही नव्हते. पिशवीतील काडेपेटीने आमचे काम झाले. ती यादी ज्याने केली असेल त्याने कधीतरी, कोठेतरी, लाख हातात घेऊन अंधारात बसण्याचा प्रसंग पाहिला असला पाहिजे. अशा याद्या बुद्धीने कमी आणि अनुभवाने जास्त वाढतात.

आपल्या जुन्या घराण्यांनी महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड थाटले, तेव्हा त्यांनीही काय न्यायचे याचा विचार केला असेल. देव नेले, भांडी नेली, पोथ्या नेल्या. जे नेण्याची गरज वाटली नाही ते म्हणजे भाषा. कारण ती रोज कानावर पडतच होती. ती यादीत घालावी लागते, हे नव्या गावी दुसरी-तिसरी पिढी वाढू लागल्यावर कळले, आणि मग वाचनालये, शाळा, मंडळे उभी राहिली. आपले हे त्रैमासिक त्याच यादीतील एक नोंद होय.

पुतण्याला मी नुकतेच विचारले, तुझ्या त्या ओळीचे पुढे काय झाले? त्याने सांगितले की ती ओळ बिल्डमधून काढून त्याने इमेजच्या लेखी कृतीत घातली, शेजारी नेमकी आवृत्ती लिहिली आणि ती का लागते हेही एका वाक्यात नोंदवले. त्यानंतर त्याच्या गटातील दोघे नोकरी सोडून गेले, दोन नवे आले. बिल्ड अडले नाही. मी एवढेच म्हणालो, "बाळा, यालाच आमच्याकडे पदभार नीट देणे म्हणतात."